झाडामागचे सर

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा फड जालन्यात भरला, तेव्हा अंबड, घनसावंगी, वडीगोद्रीकडून माणसं जीपा भरभरून गेली होती. किताबाच्या लढतीत माती विभागातून आलेला बुलढाण्याचा बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके समोरासमोर होते. कटके आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी, त्यामुळे बोलणाऱ्यांचा कल त्याच्याकडे. बाला रफिकने ११-३ अशी बाजी मारली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत खांद्यावर गदा घेतलेला त्याचा फोटो झळकला.

त्या फोटोत एक माणूस नव्हता. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेले. बाला रफिक घडला तो कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, त्यांच्या हाताखाली. आंदळकर म्हणजे १९६० चे हिंदकेसरी, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला गेलेले मल्ल. गदा त्यांच्या पट्ठ्याच्या खांद्यावर आली तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. बाला रफिकने ती त्यांनाच वाहिली.

आमच्याकडे ही कुस्ती पारावर अजून निघते. पण गदेची गोष्ट संपली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘वस्ताद मारायचे का हो लई?’ विचारणाऱ्याला ‘हो’ हेच उत्तर हवं असतं. ‘नाही’ म्हटलं की चेहरा पडतो. एवढा मोठा पैलवान मार न खाता कसा झाला, हे त्याच्या गळी उतरत नाही.

खेळाडूंच्या गोष्टी लिहिताना मला हा प्रश्न सारखा आडवा येतो. आपल्याकडे प्रशिक्षकाच्या शिस्तीचा विषय निघाला की गाडी थापडीवर जाऊन थांबते. तालीम असो, क्रिकेटचं नेट असो की पोलीस भरतीची अकॅडमी. थापडीच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते कुणी विचारत नाही.

तालमीपासूनच सुरू करू. बाहेरच्या माणसाला वस्तादाची शिस्त म्हणजे मिशा, आवाज आणि हातातली काठी एवढंच वाटतं. आत राहिलेला पैलवान वेगळंच सांगतो. पहाटे चारला उठणं, हौदा खणणं, मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करणं, जोर, बैठका, मग लढत, मग खुराक, मग झोप. संध्याकाळी पुन्हा तेच. यातली झोपसुद्धा नेमाचीच. दुपारी तालमीत कुणी गप्पा मारत बसलेलं चालत नाही. आता मोबाइल आले, तेव्हापासून कित्येक तालमींत फोन रात्री वस्तादाकडे जमा होतात आणि पोरं जोर काढायला जेवढी कुरकुर करत नाहीत तेवढी त्यासाठी करतात.

या सगळ्याचा खरा भार वस्तादावर पडतो. पोराला चारला उठवायचं तर वस्तादाला साडेतीनला उठावं लागतं. कुणी किती जोर मारले, कुणाच्या थंडाईत बदाम कमी पडले, कुणाच्या घरून या महिन्याचे पैसे आले नाहीत, कुणाचा कान लढतीत फुटलाय आणि तो ते लपवतोय, हे त्याला माहीत असावं लागतं. वस्ताद आणि पट्ठे एकाच छपराखाली राहतात, एकाच मारुतीसमोर उभे राहतात. पट्ठा वस्तादाला भितो, पण त्या भीतीत एक गोष्ट पक्की धरलेली असते. हा माणूस माझ्यावरून नजर काढत नाही.

बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे घ्या. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्ण घेतलं आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. त्याला पुण्यात घडवलं ते रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांनी. बिराजदार मूळचे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. ते २०११ मध्ये गेले. त्यानंतर राहुल काका पवारांकडे आला, तेही लातूरकडचेच. सुवर्ण मिळालं तेव्हा बिराजदारांना जाऊन सहा वर्षं उलटून गेली होती, तरी राहुलने ते त्यांनाच अर्पण केलं. इतकी वर्षं टिकणारी ही ओढ कुठून येते? फटक्याचा वळ तर आठवड्यात जातो.

आता काका पवारांच्या तालमीतला किस्सा, कारण तो मला फार आवडतो. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत होती. एका बाजूला नाशिककडून हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पट्ठे, एकाच आखाड्यात घाम गाळणारे, एकमेकांचे डाव तोंडपाठ असणारे. अशा वेळी वस्तादाने कुठल्या कोपऱ्यात बसावं? कुणाच्या कानात काय सांगावं? एकाला ‘त्याचा डावा पाय धर’ म्हणावं तर दुसऱ्याचा डावा पाय कच्चा आहे हे त्याला ठाऊक असतं तेही शिकवताना पाहिलेलं म्हणूनच. सदगीर ३-२ ने जिंकला. आणि मग जे झालं त्याचा फोटो निकालापेक्षा जास्त फिरला: जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. हे काही आदल्या दिवशी शिकवून होत नाही. ज्या तालमीत हरल्यावर मार पडतो, तिथला हरलेला गडी जिंकणाऱ्याच्या खांद्यावर बसत नाही, असा माझा अंदाज आहे. चुकीचाही असेल.

कुस्तीतून क्रिकेटकडे वळलं की थापडीची सगळ्यात नावाजलेली गोष्ट लागते. रमाकांत आचरेकर सर. दादरचं शिवाजी पार्क, कामत मेमोरियल क्लब, शारदाश्रम विद्यामंदिर. सरांनी सचिन तेंडुलकरसाठी एक सराव सामना ठरवला होता. पोरगं तिकडे न जाता वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना बघायला गेलं. तिथे सर दिसले. सचिन नमस्कार करायला गेला. सरांनी विचारलं, आज किती केलेस? त्याने सांगितलं, आज मी टाळ्या वाजवायला इकडे आलोय. आणि एक सणसणीत बसली. हातातला डबा उडाला, त्यातलं सगळं सांडलं. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ, अशा अर्थाचं सर बोलले. सचिनने हे स्वतः अनेकदा, हसत हसत आणि कृतज्ञतेने सांगितलंय.

आमच्या तालुक्यात क्रिकेट शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा पाठ आहे. त्याच्या आजूबाजूचं मात्र पाठ नाही.

आजूबाजूचं असं. अकरा वर्षांचा सचिन पहिल्यांदा नेटवर आला तेव्हा बुजला आणि त्याला धड खेळताच आलं नाही. थोरला भाऊ अजितने सरांना विनंती केली की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. एवढा नावाजलेला प्रशिक्षक एका कॉलेजवयीन मुलाचं ऐकून खरोखर लांब गेला, तिथून बघत राहिला आणि मग पोराला घेतलं. पुढेही सरांची सवय हीच. सामना चालू असला की ते झाडामागे कुठेतरी उभे. पोरांना वाटे सर आले नाहीत. संध्याकाळी सगळ्या चुकांची यादी बाहेर निघे. विनोद कांबळीने सामना चालू असताना मैदानावर आलेला पतंग धरून उडवायला घेतला होता, ही गंमत सचिन रंगवून सांगतो. तीही सरांच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

मग स्कूटर. एका मैदानावर बाद झाला की सचिनला मागे बसवायचं आणि दुसऱ्या मैदानावर दुसऱ्या सामन्यात उतरवायचं. नेटच्या शेवटी मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं. गोलंदाजाने उडवलं तर त्याचं, नाही उडवलं तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत आणि ती त्याने जपलीत. त्यानंतर पॅड, ग्लोव्हज अंगावर तसेच ठेवून शिवाजी पार्कला दोन फेऱ्या. पोरगं दमून मेलेलं असे. पण त्या फेऱ्या मोजायला सर स्वतः उभे असत.

या सगळ्यात थापड किती? एक. स्कूटरच्या खेपा किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आपण मात्र नेमकी ती एक उचलली.

माझ्या मते याचं कारण सरळ आहे. थापड फुकट आहे. स्कूटरला पेट्रोल लागतं, झाडामागे दिवसभर उभं राहायला दिवस लागतो. आचरेकर सरांच्या नावावर प्रथमश्रेणीचा अवघा एक सामना आहे, १९६३-६४ च्या मोईनुद्दौला चषकात स्टेट बँकेकडून. ज्या माणसाला स्वतःला मोठं खेळता आलं नाही, त्याने बघण्याचं काम केलं, आणि ते इतकं केलं की १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री त्याच्याकडे चालत आले. दुसऱ्याकडे बघत राहणं हे कष्टाचं काम आहे. नक्कल करणारे कष्टाचा भाग गाळतात.

सरांच्या कडकपणाचा दुसरा एक किस्सा मला थापडीपेक्षा जास्त कठोर वाटतो. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, समोर सेंट झेवियर्स. सचिन आणि विनोदची ६६४ धावांची ती भागीदारी. मैदानाच्या कडेने सहायक प्रशिक्षक डाव सोडा म्हणून ओरडतायत आणि ही दोघं तिकडे बघायचंच टाळतायत. जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लागला. कांबळी ३४९ वर नाबाद होता. सर, एकच धाव, असं त्याने विनवलं. सरांनी डाव सोडायला लावला. ७४८ वर २ बाद. सचिन ३२६, विनोद ३४९, तीनशे पन्नासला एक कमी. मग तोच विनोद चेंडू घेऊन उतरला आणि त्याने ३७ धावांत ६ गडी बाद केले.

फोनवरून दिलेला एक नकार, त्यात हात उगारण्याचा प्रश्नच नाही. पण आज कुठल्या प्रशिक्षकाची असं करायची छाती होईल? पोराची एक धाव राहिली म्हणून पालक दुसऱ्या दिवशी अकॅडमी बदलतील.

आणि इथेच थापडीच्या भक्तांना अडवणारी गोष्टही आहे. एकच सर, एकच शाळा, एकच मैदान, एकच शिस्त आणि दोन पोरं. कांबळीनेही पुढे इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच झिम्बाब्वेविरुद्ध २२७ केल्या. १७ कसोटींत त्याची सरासरी ५४ च्या वर आहे, पण शेवटची कसोटी तो १९९५ मध्येच खेळला. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं, तेव्हा दोघेही व्यासपीठावर होते आणि थकलेल्या विनोदने सरांसाठी गाणं म्हटलं. सरांची शिस्त जर साचा असती तर दोन्ही मूर्ती सारख्या निघाल्या असत्या. माणसं साच्यातून निघत नाहीत. सचिन यशस्वी झाला म्हणून त्याच्या गालावरची थापड तीर्थ झाली. ज्यांचं काही झालं नाही त्यांच्या गालांबद्दल कुणी मुलाखत घेत नाही.

कडकपणा हात न लावता कसा असतो याचा एक नमुना दादरमधलाच. माधव मंत्री भारताकडून खेळलेले यष्टिरक्षक, सुनील गावसकरांचे मामा. लहानग्या सुनीलला मामांच्या कपाटातला भारताचा स्वेटर हवा होता. इतके स्वेटर पडलेत, एक देऊन टाकला असता तर काय बिघडलं असतं? मंत्रींनी दिला नाही. हा मागून मिळत नाही, कमवावा लागतो, हे त्यांनी भाच्याला समजावलं. गावसकरांनी ही गोष्ट आत्मचरित्रात लिहिली आहे. पुढे त्यांनी किती स्वेटर कमावले ते सांगायला नको.

आता आमच्या रस्त्यावर येतो. आमच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार, मग नेत्यांच्या गाड्या आणि कॅमेरे. कॅमेऱ्यात न आलेली एक गोष्ट त्याच्या आधीही होती, आजही आहे: अंबड तालुक्याच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी पोरं-पोरी. पोलीस भरती, सैन्य भरती. ज्या पट्ट्याने लाठी पाहिली, तिथलीच पोरं ती लाठी हातात घ्यायची नोकरी मिळावी म्हणून पळतात. त्यांना यात काही उलटसुलट वाटत नाही. आंदोलनही नोकरीसाठी आणि पळणंही नोकरीसाठी.

ग्रामीण मराठवाड्यात युवा खेळ म्हणजे मुख्यतः हाच. क्रिकेट रविवारी, कबड्डी गणपतीत, कुस्ती जत्रेत. रोजचा, घड्याळ लावलेला, प्रशिक्षक असलेला खेळ म्हणजे भरतीचं पळणं. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्यावर २० गुण. १०० मीटर धावणं आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. या पन्नास गुणांभोवती तालुक्या-तालुक्यात अकॅडमी उभ्या राहिल्या. पत्र्याचं शेड, बाहेर वर्दीतल्या जुन्या मुलांचे फ्लेक्स आणि दाराशी एक वेताची छडी किंवा पाइपचा तुकडा.

अशाच एका अकॅडमीतल्या सरांना मी छडीबद्दल विचारलं होतं. नाव कशाला हवं. ते माजी सैनिक आहेत. चिडतील असं वाटलं होतं, पण हसले. म्हणाले, ‘छडी पोरांसाठी न्हाई ओ, बापांसाठी हाये.’ ॲडमिशनला आलेला बाप आधी छडी कुठे आहे ते बघतो. दिसली की त्याचा विश्वास बसतो. वर सांगून जातो, सर, हाड माझं, कातडं तुमचं, पण पोरगं वर्दीत दिसलं पाहिजे. छडी काढली त्या वर्षी पोरं कमी आली म्हणे. शेवटी त्यांनी ती परत आणून टांगली आणि वापरायची बंद केली. सगळ्याच अकॅडमीत ती नुसती टांगलेली असते असं मात्र मी म्हणणार नाही. पोटऱ्यांवरचे वळ झाकायला पोरं उन्हाळ्यातही फुल ट्रॅकपँट घालतात हे मी पाहिलंय.

शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासूनच बंद आहे. मैदानावर मात्र तो कायदा कुंपणाबाहेर उभा असल्यासारखा वागवला जातो. वर्गात गुरुजींनी कान धरला तर तक्रार करणारा बाप मैदानावर ‘अजून दोन द्या’ म्हणतो. मुलींचं तर आणखी अवघड. ‘सर म्हणतील ते ऐकायचं’ हे वाक्य मुलाला सांगणं आणि मुलीला सांगणं यात फरक आहे, आणि तो २०२३ मध्ये लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुलींनी देशाला ओरडून सांगितला. प्रश्न विचारायला बंदी करणारी शिस्त कुणाच्या सोयीची असते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

एकच पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा पोरगा, बारावीनंतर सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंट, सियाचीनची थंडी, राजस्थानचं ऊन, आणि मग पळणं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने गोपाल सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला. मध्यंतरी तो राष्ट्रीय शिबिरात बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे होता. स्नेसारेव्ह म्हणजे लोखंडी शिस्त. सराव मरणाचा, खेळाडू जगापासून तोडलेले, वेळापत्रकात शब्दाला जागा नाही. अविनाशला ते झेपलं नाही. तो सैन्यातल्या आपल्या जुन्या प्रशिक्षकाकडे, अमरीश कुमारांकडे परत गेला. त्यानंतर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या मक्तेदारीत घुसून रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

म्हणजे स्नेसारेव्ह चूक? थांबा. त्याच स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली साताऱ्यातल्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तीच लोखंडी शिस्त. दोघंही दुष्काळी भागातली, दोघंही शेतकऱ्याच्या घरची, खेळही एकच. एकीला जे मानवलं ते दुसऱ्याला मानवलं नाही. अविनाश पळपुटा ठरला असता, जर त्याने तेव्हा ‘सर म्हणतील ते’ एवढंच ऐकलं असतं आणि मोडून घरी आला असता. निघून यायचं ठरवायलाही छाती लागते, आणि तसा निघून आलेला पोरगा परत घ्यायला प्रशिक्षकाचं मन मोठं लागतं.

लोखंडी शिस्तीच्या बाजूनेही एक साक्षीदार उभा करायला हवा, नाहीतर माझी कुस्ती नूरा ठरेल. चंद्रकांत पंडित. आचरेकर सरांचेच विद्यार्थी. १९९८-९९ च्या रणजी मोसमात ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते आणि बेंगळुरूच्या चिन्नास्वामीवर कर्नाटककडून अंतिम सामना हरले. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी जिंकून दिली, तीही मुंबईला हरवून. त्याआधी विदर्भाला सलग दोनदा. विदर्भ कधी रणजी जिंकेल असं नागपुरातही कुणी पैजेवर म्हटलं नसतं. पंडितांच्या शिबिराची वर्णनं ऐकली तर भरतीची अकॅडमी सुट्टीसारखी वाटेल. मध्य प्रदेशचा कर्णधार आदित्य श्रीवास्तवच्या लग्नाला त्यांनी दोन दिवसांची सुट्टी दिली. दोन दिवसांत हळद, लग्न आणि परत नेटवर.

चालली ती शिस्त, कारण तिथली पोरं भुकेली होती आणि पंडित त्यांच्याइतकेच तास मैदानात उभे होते. तेच पंडित पुढे कोलकात्याच्या आयपीएल संघाकडे गेले. २०२४ चा किताबही आला. पण त्या ड्रेसिंग रूममध्ये खेळून गेलेल्या डेव्हिड वीजेने नंतर जाहीरपणे सांगितलं की ही लष्करी पद्धत परदेशी खेळाडूंना रुचली नाही, जगभर खेळलेल्या माणसांना काय घालायचं नि कसं वागायचं हे कुणी सांगायला नको होतं. माणूस तोच, शिस्त तीच, फक्त समोरचे बदलले.

सचिनचं निरोपाचं भाषण, १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे, पुष्कळांनी पाहिलंय. त्यात तो म्हणाला होता की गेल्या एकोणतीस वर्षांत सर मला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत, मी गाफील होईन म्हणून. हे वाक्य आमच्याकडचे प्रशिक्षक छडीइतकंच मिरवतात. पोराचं कौतुक करायचं नाही म्हणजे नाही. पण सचिनने दुसऱ्या ठिकाणी हेही सांगितलंय की सर खूश असले की वडापावला पैसे द्यायचे, त्यावरून आज आपण बरं खेळलो हे कळायचं. आता आमच्या अकॅडमीत फी भरलेल्या पोराला वडापाव कोण खाऊ घालणार, हा वेगळा विषय.

त्या छडी टांगलेल्या माजी सैनिक सरांकडे परत एकदा गेलो ते भरतीच्या तारखा लागल्यावर. त्यांच्याकडे आता शंभर पानी वही आहे. प्रत्येक पोराच्या नावासमोर प्रत्येक राउंडचा टाइम. मी विचारलं, हे कशाला? त्यांनी हिशेब मांडला. १६०० मीटरला पूर्ण गुण हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायचं. चारशे मीटरचे चार राउंड. म्हणजे एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. छडीखाली पळालेलं पोरगं पहिला राउंड पासष्टमध्ये काढतं, कारण पाठीमागे कुणीतरी आहे असं त्याच्या पायांना वाटत असतं. तिसऱ्या राउंडला ते बसतं. भरतीच्या मैदानात सरांना गेटच्या आत सोडत नाहीत. आत घड्याळही पोलिसांचं, शिट्टीही पोलिसांचीच. पोराला स्वतःचा राउंड स्वतःच्या डोक्यात मोजता आला पाहिजे, आणि ते मारून शिकवता येत नाही, असं ते म्हणाले. हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. चार बॅच तिसऱ्या राउंडला बसलेल्या पाहून सापडलं होतं.

बोलता बोलता मैदानातून एक पोरगं पहिला राउंड संपवून धापा टाकत समोरून गेलं. सरांनी घड्याळ पाहिलं आणि शिवी हासडली. पोरगं घाबरून म्हणालं, ‘सर, अडुसष्ट!’ सर ओरडले, ‘म्हणूनच! इतकी घाई कुठं लग्नाला निघालाय का? सत्त्याहत्तर सांगितलंय ना? उद्या सत्तरच्या आत आलास तर पुन्हा पहिल्यापासून पळायचं.’ पोरगं गोंधळलं, पाय मंदावले, आणि वहीत अडुसष्टच्या समोर लाल पेनाने फुली पडली.